चाळिसाव्याचा जाळ

४ सप्टेंबर २०१८

अनारकुल,

सहा वर्षांपूर्वीची ती सकाळ रोजच्यासारखीच होती. मी चुलीतली राख काढली, बादलीतल्या पाण्यावरचं बर्फ मुठीने फोडलं, चहा ठेवला, त्यात मीठ आणि लोणी घातलं आणि एकच वाटी भरली. एकोणचाळीस दिवस झाले होते, तरी हात दोन वाट्यांकडे जायचा. मग बकऱ्यांना गवत टाकलं, उंबऱ्यावरचं बर्फ झाडलं आणि शेणी आणायला मागच्या खोपटात गेले. वरच्या दोन थरांखाली हात घातला तर शेणी ओल्या. छपराच्या भेगेतून पाणी झिरपून ढीग तळापर्यंत भिजला होता आणि भिजून गोठला होता.

दुसऱ्या दिवशी तुझ्या थोरल्या दिरांना, माझ्या घरधन्याला, जाऊन चाळीस दिवस होणार होते; त्यांचा चाळिसावा होता.

तुला मी फोन केले होते, गेल्या वर्षी दोनदा. माझा आवाज ओळखलास आणि ठेवून दिलास. बरोबर केलंस. पत्र असं ठेवून देता येत नाही. फार तर चुलीत घालता येतं, आणि सीमेपलीकडे ओशमध्ये तुमच्याकडे गॅस आहे असं ऐकते.

त्या वर्षी त्यांच्या आजारपणात माझा सगळा शरद ऋतू खाटेपाशी गेला. याकांमागे शेण गोळा करायला कोण जाणार? होतं तेवढ्यावर हिवाळा काढायचा होता, आणि तेवढंही भिजलं. ओली शेणी धुमसते. तिच्यावर भात शिजतो, मांसही दिवसभरात शिजतं. पण तेल तापत नाही. आणि मेलेल्या माणसासाठी बोरसोक तळायचे ते तेल कडकडीत तापवूनच. वास धुराड्यातून वर गेला पाहिजे. मेलेला माणूस खात नाही, त्याला वास तेवढा पोचतो. आपल्या गावात लहान पोरालाही हे सांगावं लागत नाही.

मी सकाळीच एक घाणा टाकून पाहिला. पिठाचे तुकडे तेलात बसून राहिले, बुडबुडा नाही, वास नाही. पांढरे, फुगलेले, बुडालेल्या माणसाच्या बोटांसारखे. मी ते कुत्र्याला घातले आणि खिळ्यावरची किल्ली काढली.

कुंपणाची किल्ली. प्रकल्पाच्या परदेशी बाईंनी, उर्सुलाने, दोनच दिल्या होत्या, एक तुला आणि एक मला. रशियाचा कोळसा यायचा थांबल्यापासून आपण सगळ्यांनी डोंगरावरची तेरेस्केनची झुडपं मुळासकट चुलीत घातली आणि उताराची वाळू केली. पाच वर्षं हात लावला नाही तर झुडूप परत येतं का, ते बघायला ते कुंपण होतं. येत असेल तर खोऱ्यातल्या सात गावांना नव्या चुली, दुहेरी काचेच्या खिडक्या, आणि उतार बंद करून राखायला माणसं. चारशे बारा झुडपं, प्रत्येकाला पत्र्याचा आकडा. महिन्यातून एकदा तू काठी धरायचीस आणि मी वहीत लिहायचे. नव्वद नंबरच्या झुडपापाशी दर वेळी थोरल्या बहिणीला हाक मारावी तशी म्हणायचीस, "एजे, हा अगदी तुझ्या धाकट्या दिरासारखा. वर्षभर खातो आणि बोटभर वाढत नाही."

मी गाढव घेऊन गेले. भरदुपार होती. बारीक बर्फ पडत होतं, सगळं गाव घरात बसलं होतं. गोठलेल्या मातीतून मूळ निघत नाही, कुदळीने तोडावं लागतं. त्रेसष्ट झुडपं तोडली. मी मोजत होते, कारण मोजायची सवय लागली होती. काहींची खोडं माझ्या मनगटाएवढी. उर्सुला म्हणाली होती, यातली काही तुमच्या सासूबाईंपेक्षा वयाने मोठी आहेत. पत्र्याचे आकडे मी नदीवर जाऊन बर्फाच्या फटीत टाकले.

ते मी केलं. एवढं आज लिहून झालं. पुढचं आज लिहवत नाही.

सायराकान


९ सप्टेंबर

अनारकुल,

पहिलं पत्र अजून इथेच आहे, डब्याखाली. लिहून टाकलं की हलकं वाटतं म्हणतात. मला तसं काही वाटलं नाही.

आता का लिहायला बसले ते सांगते. पहिलं पत्र लिहिलं त्याच्या आदल्या दिवशी कुत्मान एक पुस्तिका घेऊन आला. तोच, कुरण समितीच्या अध्यक्षांचा पुतण्या; आता प्रकल्पवाल्यांचा दुभाषी आहे, बूट चकचकीत घालतो. कुंपणाचं काम यशस्वी झालं, उर्सुलाच्या देशाच्या सरकारने पुढचे पैसे मंजूर केले, आणि या शरदात सातही गावांत काम सुरू होतंय. त्यासाठी आपल्या अनुभवावरून पुस्तिका छापली आहे, रशियन भाषेत. कुत्मान म्हणाला, "एजे, तुमचा फोटो आहे, बघा." आहे. मी काठी धरून उभी आहे. काठी तू धरायचीस.

मी चौथीपुढे शाळेत गेले नाही, बाप कळपाबरोबर वरच्या कुरणात राहायचा. वाचायला शिकले ती बंद पडलेल्या वाचनालयातली पुस्तकं घरी आणून. रशियनही त्यांतूनच आली. म्हणून लोक फोटो बघून पान उलटतात तिथे मी थांबून वाचते. एकोणिसाव्या पानावर लिहिलंय की दुसऱ्या वर्षी एका स्थानिक राखणदाराने झुडपं तोडून नेली. हे कुटुंब पूर्वी जळण विकत असे. म्हणून पुढे असं ठरलं आहे की ज्या घराने कधीही तेरेस्केन विकलं, त्या घराला राखणीची किल्ली द्यायची नाही, आणि चुलींच्या पहिल्या यादीतही धरायचं नाही.

तेरेस्केन कोण विकत होतं, अनारकुल? ज्यांच्याकडे याक नव्हते ते. ज्यांच्याकडे याक नाहीत त्यांच्याकडे शेण नाही. म्हणजे ज्यांना चूल सगळ्यांत आधी हवी, त्यांनाच ती मिळणार नाही. सात गावांत अशी किती घरं असतील ते मी मनात धरायला लागले आणि सोडून दिलं. हा नियम माझ्या तोंडातून निघाला आहे.

आता ती एप्रिलची सभा. ती मी कुणाला कधी खरी सांगितलेली नाही.

बर्फ वितळलं आणि खड्डे दिसले. उर्सुला खड्ड्यांमधून एकटीच फिरली, ओरडली नाही. तिचं नाक लाल झालं होतं, थंडीने की कशाने ते कळलं नाही. मग शाळेत सगळे बसलो. तिने विचारलं, किल्ल्या कुणाकडे असतात? अध्यक्ष म्हणाले, या दोघी जावांकडे. तिने तुझ्याकडे पाहिलं. तू माझ्याकडे पाहिलंस. फक्त पाहिलंस, बोलली काही नाहीस. आणि मागून म्हाताऱ्या झूमाबायने पिंक टाकली: "एर्गेशला विचारा की. मुर्गाबच्या बाजारात मोळीचा भाव त्याच्याइतका कुणाला ठाऊक आहे?" सगळे हसले. तुझ्या नवऱ्याने मोळ्या विकणं कुंपण व्हायच्या आधीच सोडलं होतं, पण हसताना ते कुणाला आठवतं.

तेव्हा मी म्हणाले, "माझी किल्ली चाळीस दिवस खिळ्यावरच होती. मी सुतकात होते."

एवढंच. तुझं नाव मी घेतलं नाही. सहा वर्षं स्वतःला हेच सांगत आले, की मी तिचं नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती.

आणि पुढे तर न घेताही घेतलं. तू गेल्यावर पाहुणे यायचे, परदेशी, राजधानीतले, विचारायचे अडचणी काय आल्या. मी सांगायचे, आमच्यात एक हात वाईट निघाला. दुशान्बेला नेलं होतं मला, मोठ्या सभेत. तिथेही सांगितलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

सासूबाई तेव्हा तुमच्याकडे होत्या, धाकट्याच्या घरी, रिवाजाप्रमाणे. तुम्ही ओशला निघालात तेव्हा त्या गाडीत बसल्या नाहीत. "चोरट्या सुनेच्या हातचं खाणार नाही" म्हणाल्या आणि बोचकं घेऊन माझ्या दारात आल्या. अजून इथेच आहेत. आता दिसत नाही त्यांना, फक्त उजेड कळतो. रोज माझ्या हातचं खातात आणि मला आशीर्वाद देतात. दर गुरुवारी मी त्यांच्या मुलासाठी बोरसोक तळते, आणि त्या पदराआड तुला शिव्या घालतात. मी तेल ढवळत असते.


१५ सप्टेंबर

अनारकुल,

दोन्ही पत्रं आज परत वाचली. दोन्हींत मी खोटं लिहिलेलं नाही, आणि तरी ती खोटी आहेत.

शेणी भिजल्या म्हणून मी कुंपणात गेले असं लिहिलं. म्हणजे दुसरी वाट नव्हती असं वाचणाऱ्याला वाटेल. तू वाचशील तेव्हा तुला तसं वाटणार नाही, कारण त्या सकाळी तू माझ्या दारात आली होतीस.

मी बोरसोक कुत्र्याला घालत होते तेव्हाच आलीस. पाठीवर एक पोतं होतं. म्हणालीस, "एजे, दहा पोती कोरड्या शेणी काढून ठेवल्यात. तुझा दीर गाढवावर घालून आणतोय. तुझ्या खोपटाचं छप्पर मला शरदातच दिसलं होतं."

तुमच्याकडे तीन याक. दहा पोती म्हणजे तुमचा फेब्रुवारी. मला ते कळत होतं, आणि ते कळलं म्हणूनच माझा संताप झाला. थोरल्या घराचा चाळिसावा, आणि धाकट्या घराच्या शेणीवर? आख्खं खोरं जेवायला येणार आणि झूमाबायसारखे म्हणणार की ताशबोलोतच्या बायकोला धाकट्या जावेने जाळ पुरवला. बघ, आज मी त्यांचं नावसुद्धा लिहिलं. बायकोने नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, पण आता काय काय पाळू.

मी म्हणाले, "माझ्याकडे भरपूर आहे. तुझ्या पोरांना ऊब दे आधी, त्यांची नाकं वाहतायत."

तू पोतं खाली ठेवलंस. मी ते उचलून परत तुझ्या पाठीवर दिलं. मग तू गेलीस, आणि मी किल्ली काढली.

हे पहिलं. दुसरं याहून वाईट आहे.

मला सहा वर्षं वाटत आलंय, किंवा मी वाटून घेत आलेय, की तुला फक्त संशय होता. तसं नव्हतं. चाळिसाव्याच्या दिवशी तेलाच्या कढईपाशी तू बसली होतीस. धाकटी जाऊ म्हणून जाळ घालायचं काम तुझं. मी झुडपं बारीक तोडून पोत्यात भरली होती, ओळखू येऊ नयेत म्हणून. तू पोत्यात हात घातलास, एक फांदी काढलीस आणि तशीच हातात धरून बसलीस. कढईच्या वाफेतून मी पाहत होते. दोन वर्षं प्रत्येक झुडूप काठीने मोजणाऱ्या बाईला आपली फांदी ओळखू येणार नाही का? मग तू ती चुलीत घातलीस. मग दुसरी. तेल कडकडलं, वास उठला, बाहेर बसलेल्या पुरुषांनी हात पुढे धरून दुवा मागितली. तू एकदाही वर पाहिलं नाहीस.

तुझ्या स्वतःच्या हाताने जाळलंस. माझ्यासाठी नाही, हे मला कळतं. त्यांच्यासाठी. घास मेलेल्याला पोचल्यावर तो चोरीचा होता म्हणणं म्हणजे त्याच्या तोंडातून काढून घेणं. म्हणून एप्रिलच्या सभेत तू बोलली नाहीस. माझ्याकडे पाहिलंस ते मी बोलावं म्हणून. मेलेल्याच्या बायकोलाच तो हक्क होता.

आणि मी किल्ली खिळ्यावर होती असं म्हणाले.

येत्या शुक्रवारी शाळेत सभा आहे. सातही गावांची माणसं येणार, परदेशी साहेब येणार, राखणदार ठरणार. आपल्या गावाकडून मला बोलायला सांगितलंय, अनुभवी म्हणून.


२४ सप्टेंबर

अनारकुल,

सभा झाली.

उर्सुला नव्हती. ती निवृत्त झाली म्हणे. तिच्या जागी मातियास म्हणून एक तरुण आलाय, उन्हाने सोललेलं तोंड, किर्गीझ अजिबात येत नाही, रशियन बरी येते. पहिल्या रांगेत सात गावांचे अध्यक्ष, मागे बायका. याद्या आधीच तयार होत्या. वरच्या गावातली एक बाई उठून म्हणाली, माझा सासरा मोळ्या विकायचा, तो मरून बारा वर्षं झाली, तर आम्हाला चूल का नाही? कुत्मानने तिला सांगितलं, नियम आहे, पुस्तिकेत छापलाय. ती म्हणाली, "छापलं असेल तर तुझ्या बुटात घाल, ऊब येईल." बायका हसल्या. ती हसली नाही. खाली बसली आणि पोराला दूध पाजायला लागली.

त्यानंतर माझं नाव पुकारलं.

मी उभी राहिले आणि सांगितलं. लांबण लावली नाही. झुडपं मी तोडली, चाळिसाव्याला, तेल तापवायला. अनारकुलने नाही, एर्गेशने नाही. तिने मला कोरड्या शेणी देऊ केल्या होत्या, त्या मी घेतल्या नाहीत. मग तिच्यावर नाव आलं आणि मी येऊ दिलं.

त्या बाईचं पोर अजून चोखत होतं.

कुत्मानने अध्यक्षांकडे पाहिलं, मग साहेबाला रशियनमध्ये सांगितलं की या आजी म्हणतायत, त्या हिवाळ्यात जळणाची टंचाई होती, म्हणून काही चुका झाल्या. साहेबाने मान हलवली आणि लिहून घेतलं.

मला तिथे बसता आलं असतं. मी सांगितलं होतंच, अर्ध्या खोलीने ऐकलं होतं. खरं सांगते, गुडघे वाकलेही. पण ती बाई माझ्याकडे पाहत होती, पोराला या बाजूकडून त्या बाजूला घेत. मी रशियनमध्ये म्हणाले, "हा चुकीचं सांगतोय. चोर मी आहे. तुमच्या पुस्तकात एकोणिसाव्या पानावर दुसरी बाई लिहिली आहे. तिचं नाव अनारकुल."

पुस्तकातली रशियन बोलायला गेलं की दगडासारखी निघते. पण पोचली.

मातियासने पान काढून वाचलं. म्हणाला, इथे तर कुणाचंच नाव नाही. तुझं नाव त्याने पहिल्यांदाच ऐकलं. तुझं घर गेलं, गाव गेलं, आणि त्यांच्या कागदावर तू नुसती एक राखणदार होतीस. त्याने मला विचारलं, तेल एवढं तापवायची काय गरज होती? मी वासाचं सांगितलं. मला वाटलं हसेल. तो बराच वेळ लिहीत होता. मग विचारलं, हिवाळ्यात गावात साधारण किती माणसं मरतात? तीन-चार, मी म्हणाले. आणि प्रत्येकाला असा जाळ लागतो? तिसऱ्याला, सातव्याला, चाळिसाव्याला, वर्षाला. त्याने पेन्सिल खाली ठेवली. आठ वर्षं त्यांनी आपल्या चुली मोजल्या, खिडक्या मोजल्या, याक मोजले. मरणं कुणी विचारली नव्हती, आणि आपणही कुणी सांगितली नव्हती. आपल्याला वाटलं, हे काय सांगायचं?

नियम उठवणं आपल्या हातात नाही, वर कळवतो, असं तो म्हणाला. याद्या मात्र त्या दिवशी पक्क्या झाल्या नाहीत. माझी किल्ली अध्यक्षांनी तिथेच मागून घेतली. झूमाबाय दारात म्हणाला, "सायराकान, मेल्या नवऱ्याचं तोंड काळं केलंस." मी म्हणाले, त्यांचं नाही, माझं. तो थुंकून निघून गेला. बाकीच्यांनी वाट दिली.

घरी सासूबाई चुलीपाशी बसल्या होत्या. त्यांना बाहेरून कळू नये म्हणून मी शाल न काढताच सांगितलं. सगळं, पोत्यासकट. ऐकताना त्या आपली काठी गुडघ्यावर फिरवत होत्या. मला वाटलं मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

काठी थांबवून म्हणाल्या, "मग माझ्या पोराच्या वेळी तेल तापलं होतं ना?"

मी हो म्हणाले.

"आणि जाळ धाकटीने घातला?"

"हो."

काठी जमिनीवर टेकवून त्या म्हणाल्या, "सहा वर्षं मी तुझं अन्न खाल्लं. तुला द्यायचे ते आशीर्वाद देऊन झाले, आता परत मागता येत नाहीत. मला एर्गेशकडे पोचव. तिच्या पाया पडायला मला दिसत नाही, पण तिची चूल मी वासाने शोधीन."

मी म्हणाले, थंडी सुरू झाली, घाट उंच आहे, वसंतात जा. त्या म्हणाल्या, "वसंताचं तू मला सांगू नकोस."

ही चारही पत्रं आता एकत्रच टाकतेय; ती पोचायच्या आधीच त्या तुझ्या दारात आलेल्या असतील, आणि बरंचसं तुला त्यांच्याच तोंडून कळलं असेल. त्यांना आंबट दही चालत नाही, पोटात कळ येते. डावा कान ऐकतो. त्या पाया पडू लागल्या तर पडू देऊ नकोस, तशी तू देणार नाहीसच. माझ्याबद्दल काही विचारणार नाही. तू क्षमा कर असंही लिहीत नाही, ते लिहायची माझी पायरी नाही.

सभेच्या दुसऱ्या दिवशी मी पहाटे उठून त्यांना आंघोळ घातली, केस विंचरून दोन वेण्या घातल्या, बोचकं बांधलं, पासपोर्ट आतल्या खिशात शिवून टाकला, ड्रायव्हरला तुझा पत्ता दिला आणि त्यांना ओशच्या गाडीत, खिडकीपाशी, बसवून दिलं.

सायराकान